गोल गोल फिरणाऱ्या गाड्या आणि चॉकलेटी टॉवेल

खेड तालुक्यातल्या एका काकांचा प्रश्न असा आहे: "माझी धाकटी अकरावीत आहे. वर्षभर झालं, रविवारी फॉर्म्युला वन लागलं की घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. मी दोन-तीनदा शेजारी बसून पाहिलं. गाड्या गोल गोल फिरतात, सुरुवातीला जो पुढे तोच बहुतेक शेवटी पुढे, मधेच टायर बदलतात. आम्ही बैलगाडा शर्यतीची माणसं. आमची बारी बारा-तेरा सेकंदांत संपते आणि सगळं कळतं. इथे दोन तास नेमकं बघायचं काय? आणि गाडी चालवणं हा खेळ कसा? मग आमचा एसटीचा ड्रायव्हरही खेळाडूच म्हणायचा."

काका, शेवटून सुरू करतो. भर पावसात, धुक्यात वरंधा घाटातून पन्नास माणसं सुखरूप खाली आणणारा एसटीचा ड्रायव्हर माझ्या लेखी खेळाडूच आहे. फक्त त्याच्या मागेपुढे आणखी वीस एसट्या त्याच घाटात, त्याच वेळी पहिला नंबर काढायला निघालेल्या नसतात. तशा निघाल्या तर जे होईल त्याला मोटर रेसिंग म्हणतात.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो आणि शिल्लक रजा घालवून शर्यतींना मार्शल म्हणून जातो. मार्शल म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभा असणारा माणूस. एकोणीस वर्षं झाली. पगार नाही. जेवणाचं पाकीट मिळतं, टोपी मिळते आणि दक्षिणेतलं ऊन फुकट. बायकोच्या मते मी स्वखर्चानं उन्हात उभं राहायला जातो, आणि हे वर्णन खोडून काढायला मला अजून जमलेलं नाही.

एवढी वर्षं काढली, पण एक कबुली देतो. मी एकही शर्यत पूर्ण पाहिलेली नाही. मार्शलला एकच वळण दिसतं. गाड्या डावीकडून येतात, समोर वळतात, उजवीकडे नाहीशा होतात. कोण पुढे, कोण मागे, हे मला संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळतं. आणि तरीही, खरं तर म्हणूनच, मला वाटतं की हा खेळ बघायचा तर असाच बघावा. टीव्हीवाले पहिल्या नंबरच्या गाडीमागे धावतात आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. तुम्ही एक वळण धरा.

आधी तुमच्या भाषेत मांडणी. तुमच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, एकेक गाडा सुटतो, घड्याळ लावलेलं असतं, ज्याची बारी कमी वेळाची त्याचा नंबर वर. फॉर्म्युला वनमध्ये शनिवारी हेच असतं. त्याला क्वालिफाइंग म्हणतात. तीन टप्प्यांत गाळणी होते आणि सगळ्यात कमी वेळाची फेरी मारणारा रविवारी सगळ्यांत पुढे उभा राहतो. त्या जागेला पोल म्हणतात. म्हणजे घाटाचा राजा शनिवारीच ठरतो आणि रविवारी त्याला सांगतात की आता सगळे गाडे एकदम सोडणार आहोत, राजेपद टिकवून दाखव. तुमची तक्रार आहे की पुढे असलेलाच पुढे राहतो. काही ट्रॅकवर ती शंभर टक्के खरी आहे. मोनॅकोत रस्ते इतके अरुंद आहेत की तिथे मागच्यानं पुढे जाणं म्हणजे तुळशीबागेत गणपतीच्या आदल्या दिवशी स्कूटर घालणं. तिथे शनिवार बघा आणि रविवारी निवांत झोपा. मी तेच करतो.

आता वळण.

फॉर्म्युला वनची गाडी लांब सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाते, हे तुम्हाला माहीत असेल. त्यात कौतुक थोडंच. इंजिन दणकट असलं आणि समोर मोकळा रस्ता असला तर पाय दाबून ठेवायला फार अक्कल लागत नाही. आपल्या द्रुतगती मार्गावर रोज बरेच जण ते सिद्ध करतात. कौतुक पुढे आहे. त्या वेगावरून ही गाडी सव्वाशे-दीडशे मीटरच्या आत ताशी ८०-९० वर येते. ड्रायव्हर ब्रेकवर पाय देतो तो हळुवार नाही, शंभर किलोच्या वर जोर लावून, एका पायानं. त्या क्षणी त्याच्या अंगावर त्याच्याच वजनाच्या पाचपट भार पुढे ओढला जातो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरा. मानेला ते तीसेक किलोचं वाटतं. गव्हाचं अर्धं पोतं मानेवर घेऊन, दर फेरीत सात-आठ वेळा, दीड तास. उकाड्यातल्या शर्यतीत ड्रायव्हरचं वजन घामानं दोन-तीन किलो उतरतं. ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या असतात, त्या हजार अंशांच्या आसपास तापतात आणि संध्याकाळी लालभडक दिसतात. हा भाग माझ्या धंद्याचा असल्यामुळे इथे मी तासभर बोलू शकतो. बोलत नाही.

मुद्दा असा की हा खेळ जिंकला जातो तो ब्रेकवर. कोण किती उशिरा ब्रेक मारतो आणि तरी वळणात गाडी हातात ठेवतो, हे बघायचं. एक दहा मीटर उशिरा मारतो आणि पुढे निघतो. दुसरा वीस मीटर उशिरा मारायला जातो आणि माझ्या समोरच्या वाळूत येऊन बसतो. तिसरा जरा लवकर मारतो, त्याला लोक भित्रा म्हणतात. पण तो वळणातून आधी गॅस देतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर दोघांच्या पुढे असतो. हा तिसरा माझा आवडता.

हे असं का होतं, तर टायरमुळे. टायरकडे पकड असते सोळा आणे. ती ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा, नाहीतर गॅसवर करा. सतरावा आणा मिळत नाही. सोळाही आणे ब्रेकला लावून तुम्ही स्टीअरिंग फिरवलंत तर गाडी म्हणते, मालक, शिल्लक नाही, आणि सरळ जाते. म्हणून सरळ असताना जोरात ब्रेक, मग ब्रेक हळूहळू सोडत वळणं, मग स्टीअरिंग सरळ करत गॅस. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात. चांगल्या ड्रायव्हरचं हे इतकं गुळगुळीत होतं की बघताना काहीच केलं नाही असं वाटतं. नवशिक्याची गाडी वळणात तीनदा दचकते.

हे मला स्वतःच्या फजितीतून कळलं. काही वर्षांपूर्वी हौसेनं एका ट्रॅकवर नवशिक्यांच्या वर्गाला नाव घातलं. मनात म्हटलं, पंचवीस वर्षं पुण्यात गाडी चालवतोय, मला काय शिकवणार? शिक्षकानं दहा वेळा सांगितलं की ब्रेक सरळ असताना मार. मी पुण्याच्या सवयीनं वळणात शिरलो, मग घाबरलो आणि मग ब्रेक मारला. जग एकदा माझ्याभोवती फिरलं. धूळ बसल्यावर बघतो तर मी ज्या दिशेनं आलो त्या दिशेला तोंड करून उभा आणि समोरून बाकीचे विद्यार्थी येतायत. शिक्षक शांतपणे जवळ आला आणि म्हणाला, "सर, चेन्नईचा रस्ता तिकडे आहे, पण आपल्याला इकडे जायचंय."

वळण घ्यायचा मार्गही ठरलेला असतो. बाहेरच्या कडेनं या, आतल्या कडेला स्पर्श करा, परत बाहेरच्या कडेला सुटा. आतल्या त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. हा शोध कुणी युरोपियनानं लावला असं समजू नका. घाटातल्या आकड्यासारख्या वळणावर एसटीवाला हेच करतो, फक्त समोरून ट्रक येऊ नये म्हणून हॉर्नही वाजवतो. पुढच्या वेळी टीव्हीवर बघा, सगळ्या गाड्या जणू रुळावरून चालल्यासारख्या त्याच रेषेवरून जातात. दुसऱ्याला पुढे जायचं तर ती रेषा सोडावी लागते, आणि रेषेबाहेर धूळ असते, घासलेल्या रबराचे तुकडे असतात, पकड कमी असते. म्हणून ओव्हरटेकला धाडस लागतं. पुढचा गाडीवान आपला धावपट्टा सोडत नाही आणि तुमच्या बैलांना ढेकळांतून काढायचंय, असं समजा.

आता टायर. तुम्ही म्हणालात, मधेच टायर बदलतात. काका, मधला वेळ हा टायरचाच खेळ आहे. आपल्याकडे टायरवरची नक्षी गेली की गॅरेजवाला म्हणतो, गोटा झालाय, बदला. रेसिंगचा कोरडा टायर कोरा असतानाच गोटा असतो. नक्षीच नाही, कारण सगळं रबर रस्त्याला चिकटलेलं हवं. वर आधी त्याला गरम दुलईत गुंडाळून तापवतात. आमच्या घरी आजीला थंडीत एवढी काळजीनं दुलई मिळाली नाही. टायरच्या कडेवर रंग असतो. लाल म्हणजे मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक. मऊ जोरात पळतो आणि लवकर गळाठतो, कडक उशिरा रंगात येतो आणि टिकतो. शर्यत कोरडी असेल तर निदान दोन प्रकार वापरावेच लागतात, त्यामुळे एकदा तरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या आपल्या संघाच्या गॅरेजपाशी, यावंच लागतं. चारही चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात. मॅक्लारेन संघाच्या लोकांनी २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदांत बदलली. मी हे आमच्या पंक्चरवाल्याला सांगितलं. त्यानं पान थुंकलं, विचारलं, "किती माणसं?" मी म्हटलं, वीसेक. तो म्हणाला, "मग दोन सेकंद कशाला लागले?"

पण पिटच्या गल्लीत हळू यावं-जावं लागतं, त्यामुळे एकूण वीसेक सेकंद जातात. कधी थांबायचं, यात सगळी गंमत. समजा तुम्ही आणि तुमचे साडू दोन गाड्यांतून कोल्हापूरला निघालात. साडू पुढे. रस्ता असा की ओव्हरटेक जमत नाही. जेवायला दोघांनाही थांबायचंच आहे. तुम्ही अलीकडच्याच ढाब्यावर पटकन उरकता आणि ताजेतवाने होऊन सुसाट निघता. साडू भुकेल्या पोटी, रेंगाळत, पुढच्या ढाब्यापर्यंत जातात. ते हात धुऊन बाहेर येईपर्यंत तुम्ही पुढे. याला अंडरकट म्हणतात. ओव्हरटेक न करता पुढे गेलात, साडूंचं तोंड बघण्यासारखं. आता पडद्याच्या डाव्या बाजूला जी नावांची यादी असते तिच्याकडे बघा. नावापुढचे आकडे म्हणजे पुढच्या गाडीपासूनचं अंतर, सेकंदांत. तो आकडा दर फेरीला तीन-चार दशांशानं कमी होत असेल, तर पुढे भांडण आहे हे समजा. तुमची मुलगी गप्प बसून तेच वाचत असते.

भांडणावरून आठवलं. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, एकसारख्या. लोकांना वाटतं संघातले दोघं मित्र. छे. हरलात तर गाडीला दोष देता येतो, पण शेजारी त्याच गाडीतून तो दुसरा जिंकत असेल तर काय सांगणार? म्हणून ड्रायव्हरचा पहिला वैरी त्याच्याच संघात असतो. ही सख्ख्या चुलतभावांची भाऊबंदकी आहे. बांध एकच, विहीर एकच. १९८८ मध्ये मॅक्लारेन संघानं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, आणि त्यांचे प्रोस्ट आणि सेना हे दोन ड्रायव्हर पुढच्याच वर्षी जपानमध्ये एकमेकांच्या गाडीत गाडी अडकवून बसले. हॅमिल्टन आणि रॉसबर्ग तर पोरवयात कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतींत, एका संघात होते. मर्सिडीजमध्ये परत एकत्र आले आणि २०१६ मध्ये स्पेनला पहिल्याच फेरीत एकमेकांना घेऊन वाळूत गेले. त्या वर्षी रॉसबर्गनं हॅमिल्टनला ५ गुणांनी मागे टाकून जगज्जेतेपद मिळवलं आणि पाच दिवसांनी निवृत्ती जाहीर केली. जमीन नावावर झाली आणि माणूस थेट काशीला गेला, असा प्रकार.

आता माझं खातं: झेंडे. हल्ली दिव्यांचे फलकही असतात, पण झेंड्याला चार्जिंग लागत नाही.

पिवळा हलला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे एकदम हलले तर थांबायची तयारी ठेवा. लाल म्हणजे सगळंच थांबलं. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. निळा हा सगळ्यात अपमानास्पद: तुम्ही इतके मागे पडलात की पहिला येणारा तुम्हाला आख्खी एक फेरी मागे टाकायला आलाय, बाजू द्या. आपल्याकडे ट्रकच्या मागे हॉर्न वाजवायची विनंती रंगवलेली असते, तसं इथे नाही. निळा दाखवूनही हटला नाहीत तर शिक्षा. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे पुढे रस्ता निसरडा, ऑइल सांडलंय; पहिल्या पावसातला कुठलाही चौक डोळ्यांसमोर आणा. काळा-पांढरा तिरका म्हणजे मास्तरांनी डोळे वटारले. नुसता काळा म्हणजे दप्तर उचला आणि घरी चला. आणि माझा लाडका: काळ्यावर नारिंगी गोळा. तुमच्या गाडीचं काहीतरी लोंबतंय, सुटलंय, पिटमध्ये या. याचं अचूक मराठी भाषांतर आहे, "ओ काका, स्टँड!" आपण सगळेच रस्त्यावर अनोळखी माणसाला ही हाक मारतो, म्हणजे जन्मजात मार्शल आहोत.

माझ्या पहिल्याच वर्षी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर हा प्रसंग घडला. दुपारचे बारा, ऊन असं की झेंड्याची काठी चटके देत होती. मी गळ्यातला टॉवेल काढून झटकला आणि तोंड पुसलं. टॉवेल पिवळा होता. तिसऱ्या नंबरच्या गाडीनं गॅस सोडला, चौथ्यानं त्याला मागून जवळजवळ ठोकलंच, आणि रेडिओवर नियंत्रण कक्षातून आवाज आला की सातव्या पोस्टवर काय अपघात झालाय? मी खरं ते सांगितलं. रेडिओवर बराच वेळ शांतता होती.

पुढच्या खेपेला घरून पांढरा टॉवेल नेला. आमच्या पोस्टप्रमुखानं विचारलं, "पांढऱ्या झेंड्याचा अर्थ?" पुढे सावकाश चाललेलं वाहन आहे. तो ठेवून दिला. लाल नको, निळा नको, हिरवा नको. शेवटी स्टेशनबाहेरच्या दुकानातून खास तिकडचा छान चौकड्यांचा टॉवेल घेतला आणि ऐटीत खांद्यावर टाकून पोस्टवर गेलो. पोस्टप्रमुखानं कपाळाला हात लावला. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा म्हणजे शर्यत संपली!

हसू नका, मोठ्यांचंही होतं. २०१८ मध्ये कॅनडाला फॉर्म्युला वनची शर्यत ७० फेऱ्यांची होती. एका अधिकाऱ्याच्या गडबडीमुळे चौकड्यांचा झेंडा एक फेरी आधी फडकावला गेला, आणि नियमाप्रमाणे निकाल ६८ व्या फेरीचा धरावा लागला. मी मात्र त्या चौकड्यांच्या टॉवेलानंतर चॉकलेटी टॉवेल वापरतो. चॉकलेटी झेंडा अजून कुणी काढलेला नाही.

पहिला आला तोच जिंकला, असं बैलगाड्यात असतं. इथे नेहमी नसतं, आणि ही परंपरा जुनी आहे. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआँ अशी स्पर्धा एका वर्तमानपत्रानं भरवली. सर्वांत आधी पोचले काउंट द दिओं, वाफेच्या गाडीतून. पण त्या गाडीला कोळसा घालायला वेगळा माणूस लागत होता, म्हणून परीक्षकांनी पहिलं बक्षीस मागून आलेल्या पेट्रोलच्या गाड्यांना वाटून दिलं. पुढच्या वर्षी पॅरिस ते बोर्डो आणि परत, जवळजवळ १२०० किलोमीटर. एमिल लव्हासोर नावाच्या गृहस्थानं जवळपास ४९ तास एकट्यानं गाडी चालवली, सरासरी ताशी २४ किलोमीटर, आणि दुसऱ्यापेक्षा सहाएक तास आधी आला. त्याला सांगितलं की पहिलं बक्षीस चार आसनी गाडीला आहे, तुमची दोन आसनी. ते गेलं ११ तासांनंतर आलेल्याला. जगातली सगळ्यात पहिली "आयोजकांचा निर्णय अंतिम राहील" ही पाटी बहुधा तेव्हाच रंगवली गेली असावी.

आपल्या पहिल्या फॉर्म्युला वन गुणांचीही कथा अशीच आहे. नरेन कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून उतरला. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकच्या एका बाजूला तिरप्या केलेल्या वळणावर सुरक्षित नाहीत असं निघालं आणि सरावफेरी मारून १४ गाड्या सरळ गॅरेजात परत गेल्या. शर्यत झाली सहा गाड्यांत. नरेन चौथा आला, पाच गुण. भारतीय ड्रायव्हरनं फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले गुण आजवर तेवढेच. लोक नाकं मुरडतात. मी म्हणतो, ज्या दिवशी परीक्षेला बाकीचे आले नाहीत त्या दिवशी हा आला होता, आणि पेपर पूर्ण लिहिला.

नरेन ज्या मातीतून आला ती सांगायला हवी. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिच्यावर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. मग इरुंगट्टुकोट्टईला १९९० मध्ये खरा ट्रॅक झाला. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी साध्या मारुती ८०० चं इंजिन लावून एक आसनी रेसिंगची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. ज्या इंजिनावर आपण चार माणसं आणि लोणच्याची बरणी घेऊन गावी जात होतो, त्याच इंजिनावर एक पिढी रेसिंग शिकली. कोइंबतूरचा ट्रॅक आज त्यांच्या नावानं ओळखला जातो. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०२० च्या डिसेंबरमध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची, शर्यत जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय.

आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक. ५.१२५ किलोमीटर, २०११ ते २०१३ तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेल जिंकला. पहिल्या वर्षी, पहिल्याच सरावात, जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्या बाहेर पडल्या आणि ट्रॅकवर एक भटकं कुत्रं आलं. लाल झेंडा. जगभरच्या वार्ताहरांना काय लिहू आणि काय नको झालं. मला मात्र कुत्र्याचं वागणं अगदी नियमाला धरून वाटलं. आपल्याकडे कुठलाही नवा रस्ता झाला की उद्घाटन तेच करतं. २०१३ मध्ये फेटेलनं तिथेच चौथं जगज्जेतेपद मिळवलं, प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवून धूर काढला आणि उतरून गाडीला चक्क वाकून नमस्कार केला. दसऱ्याला आपण स्कूटरला हार घालतो तसाच भाव. त्याला ताकीद आणि संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला, कारण शर्यत संपल्यावर गाडी थेट नेमलेल्या जागी न्यायची असते. त्यानंतर ती शर्यत इकडे आली नाही. बऱ्याच कारणांपैकी एक असं की उत्तर प्रदेश सरकारनं याला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. म्हणजे काका, तुमची शंका सरकारी पातळीवर विचारली गेली होती.

या खेळात माणसं मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी फार मरत. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ड्रायव्हर रस्त्यापलीकडून पळत येऊन गाडीत उडी मारत आणि पट्टा न लावताच सुटत. १९६९ मध्ये जॅकी इक्स या पोऱ्यानं, वय २४, निषेध म्हणून पळायचंच नाकारलं. रमतगमत चालत गेला, बसला, पट्टा नीट आवळला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत पट्टा न लावलेला एक ड्रायव्हर अपघातात गेला. आणि २४ तासांनी इक्स आणि त्याचा जोडीदार जिंकले, दुसऱ्यापेक्षा साधारण १२० मीटरनं. पुढच्या वर्षी पळत सुटायची प्रथा बंद. २०२० मध्ये बहारीनला रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली. तो जवळपास २८ सेकंद आगीत होता आणि स्वतः चालत बाहेर आला. डोक्यावरची हेलोची कमान नसती तर आला नसता. ती कमान २०१८ मध्ये आली तेव्हा लोक म्हणाले, गाडी चपलेसारखी दिसते.

रॅली हा वेगळा प्रकार, तो तुम्हाला लगेच पटेल: एकेक गाडी सुटते, समोर घड्याळ, आणि शेजारी बसलेला जोडीदार वहीतून पुढची वळणं वाचून दाखवतो. शेजारच्या सीटवरून सूचना येतात आणि ड्रायव्हर त्या ऐकतो, हे मला रॅलीतलं सगळ्यात अविश्वसनीय वाटतं.

मुलीला हौस असेल तर तिला कार्टिंगला न्या. फॉर्म्युला वनमधले जवळजवळ सगळे तिथूनच आलेत. कोल्हापूरजवळ चांगला ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्याही तिथे झाल्यात. भाड्याच्या कार्टची एक खेप काही शे रुपयांत होते. पण आधीच सांगतो, खेळ महाग आहे. बैलजोडीच्या खुराकावर तुम्ही जो खर्च करता त्याला घरातून कुणी बोलत असेल, तर टायरच्या खुराकाचं बिल आल्यावर ते बोलणं प्रेमळ वाटेल. खेप संपल्यावर तिच्या हातांकडे बघा. हात थरथरत असतील आणि ती "अजून एकदा" म्हणत असेल तर तुमचं काम झालं, आणि बहुधा तुमचा ट्रॅक्टरचा हप्ताही गेला.

आणि कधी दोघं चेन्नईला शर्यत बघायला आलात तर टोपी आणा, पाणी आणा, कानात घालायला कापूस आणा. मुख्य मंडपात बसू नका, तिथे नुसता आवाज जातो. सरळ पट्टा संपतो त्या वळणापाशी या. कुंपणापलीकडे नारिंगी कपड्यांतला एक जाडसर माणूस दिसेल, खांद्यावर चॉकलेटी टॉवेल. तो मी. हाक मारा, पण मी हात हलवला नाही म्हणून रागावू नका. हात हलवला की कुणीतरी ब्रेक मारतं.